वरचे हिरवे, खालची काळी

"कुत्र्यासाठी कोणी अंगणात गवत अंथरते काय?" असे आम्हाला नात्यातल्या माणसांनी हसून विचारले. हसण्यासारखेच होते. पण त्या गवताने आम्हाला जे शिकविले ते वाचकांना सांगावेसे वाटते.

आमचे घर नागपूरच्या बाहेरच्या वस्तीत. आम्ही दोघेही रोजीवर जाणारे. जागा स्वस्त मिळाली, कारण जमीन भारी काळी. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. पाणी धरून ठेवते, खाली लवकर सोडत नाही. कपाशीला हे चांगले, अंगणाला नाही.

2022 च्या पावसाळ्यात मुलीने बस थांब्यावरून एक पिल्लू उचलून आणले. त्याचे नाव शेरू. दिवसभर चिखलात राहून त्याच्या बोटांच्या बेचक्या लाल झाल्या. पाय कोरडे ठेवा, असे गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले. पण कोरडी जागा आणायची कोठून?

त्याच वेळी बॉक्स क्रिकेटच्या एका मैदानावरचे जुने कृत्रिम गवत काढण्याचे काम आम्हाला मिळाले. मालकाने दहा बाय दहा फुटांचा तुकडा नेऊ दिला. आम्ही माती सपाट केली, चिखल वर येऊ नये म्हणून ताडपत्री टाकली आणि वर ते गवत अंथरले. पंधरा दिवस वस्तीतली मुले पाहायला येत होती.

मग वास सुटला. पाणी आणि शेरूचे मूत ताडपत्रीवरच साचू लागले. शेजारच्या आजींनी खिडकी लावून घेतली. "पोरी, तुमच्या अंगणात पाय टाकवत नाही," म्हणाल्या. आम्हाला फार लागले, पण आजी खोटे बोलत नव्हत्या.

याहून मोठी चूक 2023 च्या मे महिन्यात झाली. सकाळी शेरूला त्या गवतावर बांधून आम्ही कामाला गेलो. सावली दुपारी सरकली. संध्याकाळी पाहतो तर त्याच्या तळव्यांना फोड आलेले, पाय टेकवत नव्हता. कुत्र्याने रागवावे, तर तो आमचेच हात चाटत राहिला. त्या रात्री मुलगी जेवली नाही. आमच्याही घशाखाली घास उतरला नाही.

असले गवत 1966 साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या छत असलेल्या मैदानात अंथरले, कारण आत खरे गवत जगेना. म्हणजे छताखाली, बूट घातलेल्या खेळाडूंसाठी वापरलेली ही वस्तू. आम्ही ती नागपूरच्या उन्हात अनवाणी जिवाच्या पायाखाली घातली.

पावसाआधी सर्व उखडले. वस्तीतल्या एका मिस्त्रीकाकांनी समजावले, "काळ्या मातीत नुसता खड्डा खणला तर त्याचे टाके होते. पाण्याला आधी बाहेरची वाट द्या." सहा इंच माती काढली, ती अर्धा ब्रास भरली. तळाला दहा फुटांत दोन इंच उतार दिला. त्यावर पाणी झिरपणारे जाड कापड घातले, म्हणजे गिट्टी मातीत रुतत नाही. उताराच्या कडेला भोके पाडलेला पाइप नालीपर्यंत नेला. मग चार इंच गिट्टी, वर एक इंच चुरी, दोन्ही ठोकून घट्ट केली. गवतातले रबराचे काळे दाणे झटकले, कारण ते ऊन धरतात. त्यांच्या जागी धुतलेली वाळू भरली. शेवटी विटांची कड लावली, नाहीतर कुत्रा कोपरा उकरतो.

विष्ठा लगेच उचलतो आणि रोज दोन बादल्या पाणी टाकतो, म्हणून वास राहत नाही. वर हिरवी जाळी बांधली, शेजारी कडुलिंब लावला. आपला अनवाणी पाय ठेवून पाहिल्याशिवाय शेरूला तेथे सोडत नाही. दुपारी तो घरात, माठाजवळ असतो. त्याला आता बांधत नाही. एका कोपऱ्यात थोडी माती उकरायला ठेवली आहे.

माती भुसभुशीत असेल, पाणी मुरत असेल, तर हरळीच लावा. प्लॅस्टिकचे गवत झिजते आणि शेवटी कचराच होते. आमच्यासारखी जमीन असेल तरच हा खटाटोप करावा.

त्या पावसाळ्यात आजींनी खिडकी उघडली. आम्हाला तेवढे पुरे झाले. खालचे कुजणे तसेच ठेवून वर हिरवे पांघरूण घातले, तर ते कोणाला तरी भोगावे लागते; आणि भोगतो तो बहुधा ज्याला बोलता येत नाही तोच. दुसऱ्याच्या पायाखाली काय आहे, हे आधी आपल्या पायाने पाहावे.