माथेरानच्या लाल वाटेवर बाबांशी गप्पा

बाबा निवृत्त होऊन चार महिने झाले होते. आम्ही एकाच घरात राहत होतो, एकाच टेबलावर जेवत होतो. पण आमचं बोलणं ‘चहा टाकू का?’ आणि ‘गॅसवाला येऊन गेला का?’ यापलीकडे जात नव्हतं. मी घरूनच काम करते. बाबा काही सांगायला आले की मी हेडफोन काढायचे, पण नजर मात्र लॅपटॉपवरच असायची. दोन वाक्यांत त्यांचं बोलणं आटपायचं. शेवटी आईच वैतागून म्हणाली, “तुम्ही दोघं एक दिवस कुठेतरी जाऊन या बघू!”

म्हणून फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही डोंबिवलीहून कर्जत लोकल पकडली आणि नेरळला उतरलो. तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत. गाड्यांची हद्द इथेच संपते. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. पुढे घोडा, अमन लॉजहून सुटणारी छोटी गाडी, नाहीतर आपले पाय. अलीकडे काही ई-रिक्षाही सुरू झाल्या आहेत. रांग पाहून बाबा म्हणाले, “चालतच जाऊ. अडीच-तीन किलोमीटर तर आहे.”

माथ्यावरचं रान म्हणून माथेरान, असं सांगतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवरचं हे रान 1850 मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेत भरलं आणि इथे थंड हवेचं ठिकाण वसलं. नेरळहून वर येणारी छोटी गाडी 1907 मध्ये सुरू झाली. रुळांच्या कडेने चालताना बाबा हे सगळं सांगत होते. मला नवल वाटलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

पायाखाली लाल माती, डोक्यावर जांभळाची दाट सावली. हॉर्न नाही. मोबाईल पिशवीत होता, कारण एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात माकडांपासून वाचवायचा खाऊ!

शार्लोट तलावाशी थोडं थांबून आम्ही लुईसा पॉइंटकडे निघालो. चालता चालता मी सहज विचारलं, “बाबा, ऑफिसची आठवण येते का रे?”

ते लगेच काही बोलले नाहीत. एरवी मी ती शांतता भरून काढली असती. ‘योगाचा क्लास लाव’, ‘वाचनालयात जा’ असे सल्ले मी चार महिने देतच होते. पण चढ होता, मला धाप लागली होती. त्यामुळे गप्प राहिले.

मग ते म्हणाले, “अजून पाचलाच जाग येते गं. सात बावन्नची फास्ट डोक्यातून जात नाही. उठतो आणि लक्षात येतं, आपल्याला कुठेच जायचं नाहीये. तुम्हा दोघींची झोपमोड नको म्हणून अंधारातच बसून राहतो.”

ते माझ्याकडे पाहत नव्हते, समोरच्या वाटेकडे पाहत होते. समोरासमोर बसून हे त्यांनी सांगितलंच नसतं, असं मला वाटतं. बरोबरीने चालताना नजर चुकवावी लागत नाही, आणि मध्ये शांतता आली तरी अवघड वाटत नाही. पाय चालूच असतात.

माझ्या ओठांवर पुन्हा एक सल्ला आला होता. तो गिळला आणि विचारलं, “मग त्या वेळात काय करतोस?”

त्या एका प्रश्नावर आम्ही लुईसा पॉइंटपर्यंत पोहोचलो. समोर प्रबळगड उन्हात उभा होता. कड्यापाशी बसून बाबा लोकलमधल्या मित्रांबद्दल, डब्यातल्या भजनांबद्दल बोलत राहिले. मीही माझं सांगितलं: रात्री बारापर्यंत काम करूनही काहीच पूर्ण न झाल्यासारखं वाटतं, आणि ती चिडचिड घरच्यांवर निघते. त्यांनीही सल्ला दिला नाही. चिक्कीचा तुकडा मोडून पुढे केला.

परतताना चपला, पँटची टोकं सगळं लाल झालं होतं. तरी थकल्यासारखं वाटत नव्हतं.

माथेरान रोज जमणार नाही, हे उघड आहे. पण तिथली वाट थोडी घरी आणता येते. आता संध्याकाळी साडेसहाला मी लॅपटॉप मिटते आणि आम्ही दोघं अर्धा तास चालून येतो. फोन घरी. नियम एकच: विचारलं तर उत्तर पूर्ण होऊ द्यायचं आणि मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. कधी खूप बोलतो, कधी नुसतेच चालतो.

आणि सकाळी पाचला बाबा आता अंधारात बसत नाहीत. दिवा लावून चहा टाकतात. भांड्यांचा आवाज होतो, माझी झोप मोडते. मोडू दे.