गोगलगाय आणि पोटात पिल्लं

युरोप ट्रिप म्हटली की पॅरिस, स्वित्झर्लंड, फार तर प्राग! स्वीडनचा पश्चिम किनारा या यादीत सहसा नसतोच. पण रांगा लावून फोटो काढण्याचा कंटाळा आला असेल, तर गोथेनबर्गहून ट्रेन पकडा आणि लाइन संपते त्या स्ट्रॉमस्टाडला उतरा. समोर गार समुद्र, गुलाबी ग्रॅनाइटचे गुळगुळीत खडक आणि शेकडो बेटं. यातल्या कोस्टर बेटांवर बोटीने जायचं आणि सायकलवर भटकायचं. जुलैत रात्रीचे दहा वाजले तरी उजेड असतो. या बेटांभोवती 2009 पासून कोस्टरहावेट हे स्वीडनचं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे.

इथली खरी सेलिब्रिटी मात्र नखाएवढी आहे. तिचं नाव लिटोरिना सॅक्सॅटिलिस. खडकाला चिकटलेली एक साधी समुद्री गोगलगाय!

तिला शोधायला भरती-ओहोटीचं टाइमटेबल लागत नाही. मुंबईसारखी भरती इथे नाहीच, पाणी जेमतेम फूटभर वर-खाली होतं. लाटा आपटतात त्या उघड्या कड्यावर बघा. तिथली गोगलगाय छोटी, पातळ शंखाची, पण तोंड मोठं. त्यातून बाहेर येणारा रुंद पाय खडक घट्ट धरून ठेवतो. आता थोडं पुढे, आडोशाच्या दगडगोट्यांत या. इथे लाटा कमी, पण खेकडे फार. म्हणून इथली गोगलगाय थोराड, जाड शंखाची, अरुंद तोंडाची आणि स्वभावाने भित्री. दोघींची जात मात्र एकच! या रूपबदलाने भले भले शास्त्रज्ञ फसले. हिला ‘नवी जात’ समजून तब्बल 113 वेळा नावं दिली गेल्याची मोजदाद 2015 मध्ये झाली.

इतक्या जवळ राहून एवढा फरक कसा? उत्तर तिच्या बाळंतपणात आहे. तिची चुलतबहीण लिटोरिना लिटोरिया अंडी थेट पाण्यात सोडते. अळ्या काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात आणि कुठच्या कुठे पोचतात. त्यामुळे दूरदूरच्या किनाऱ्यांवरही तिचे जीन्स बरेचसे सारखेच. आपली हिरॉइन मात्र पिल्लं पोटातल्या पिशवीत वाढवते. एका वेळी शेकडो! ती बाहेर येतात तीच चिमुकला शंख घेऊन, आणि आईच्याच खडकावर संसार थाटतात. माहेर-सासर एकच म्हणा ना! म्हणूनच प्रत्येक कोपऱ्याची गोगलगाय त्या कोपऱ्यासारखी घडत जाते.

पण याची किंमतही आहे. 1988 मध्ये या समुद्रात विषारी शैवालाची लाट आली आणि छोट्या सुट्या खडकांवरच्या गोगलगायी साफ झाल्या. वाहत येणाऱ्या अळ्याच नाहीत, तर परत येणार कोण? खडक ओकेबोके राहिले.

जवळच्याच शर्नो बेटावर गोथेनबर्ग विद्यापीठाची सागरी प्रयोगशाळा आहे. तिथल्या केर्स्टिन योहानेसन यांनी 1992 मध्ये एक धाडस केलं. लाटांचा मारा खाणाऱ्या अशाच एका रिकाम्या खडकावर त्यांनी खेकड्यांच्या वस्तीतल्या जाड शंखवाल्या गोगलगायी नेऊन सोडल्या. म्हणजे चक्क चुकीच्या पत्त्यावर! टिकतील?

टिकल्या. नुसत्या टिकल्या नाहीत, बदलल्या. वर्षाला एक-दोन पिढ्या. पहिल्या दहा वर्षांतच फरक दिसू लागला आणि तीस वर्षांत त्या 1988 पूर्वीच्या मूळ रहिवाशांसारख्या झाल्या. शंख छोटा, पातळ, तोंड मोठं. हा निष्कर्ष 2024 मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये छापून आला. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचं काम, असं आपण शाळेत शिकलो. इथे ती एका माणसाच्या नोकरीच्या काळात घडली!

यात जादू नाही. लाटांत उपयोगी पडणारे जीन्स त्या जाड गोगलगायींच्या घोळक्यात आधीपासून होते, फक्त विरळ. नव्या जागी तेच कामी आले आणि पिढीगणिक वाढले. थोडी भर शेजारच्या खडकांवरच्या लाटवाल्या भाऊबंदांकडूनही पडली. ही विविधता टिकण्यामागे एक गॉसिपही आहे. 2010 मध्ये छापलेल्या अभ्यासात एकेका मादीच्या पिल्लांना 15 ते 23 बाप सापडले होते! म्हणजे एकटी गरोदर मादी जरी नव्या खडकावर पोचली, तरी ती बऱ्याच जणांचे जीन्स सोबत नेते.

आता समुद्र तापतोय, बदलतोय. अशा वेळी एखादी जात नुसती ‘आहे’ एवढं पुरत नाही, तिच्यात किती प्रकारचे जीन्स शिल्लक आहेत हे महत्त्वाचं. ते एकदा गेले, की बदलायला हाताशी काही उरत नाही.

तेव्हा स्ट्रॉमस्टाडला गेलात तर खडकांवर बसा, गुडघे टेकून या छोट्या बायांकडे बघा, हवे तेवढे फोटो काढा. फक्त आठवण म्हणून एखादी खिशात टाकू नका. तिची जागा घ्यायला समुद्रातून दुसरी वाहत येणार नाहीये.