अस्वादाच्या गावचा स्वाद

पुण्यात संसार करायचा म्हणजे गोडाविषयी ठाम मत असावेच लागते. श्रूजबेरी बिस्किटे खावीत तर ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीचीच. १९५५ सालापासून ती भट्टी पेटती आहे आणि रांगेत उभे राहण्याची पुण्याईही तितकीच जुनी आहे. मुंबईच्या आमच्या जाऊबाईंना इराण्याच्या मावा-केकपुढे स्वर्ग ठेंगणा वाटतो. नागपूरच्या पाहुण्याच्या पिशवीतून संत्रा बर्फी निघाली नाही तर तो खरोखर नागपूरहून आला की नाही अशी शंका घ्यावी. अशा या दिग्गजांच्या सभेत मी जेव्हा सांगते की आमच्या वर्ध्याचा गोरसपाक या सर्वांच्या पंगतीला बसू शकतो, तेव्हा मंडळी माझ्याकडे दयेने पाहतात. एका वहिनींनी तर स्पष्टच विचारले, “अहो, वर्ध्याला आश्रम आहे ना? तिथे गोड खाऊ देतात?”

वहिनींचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले, पुढे त्याच गावाचे सेवाग्राम झाले. आश्रमाच्या एकादश व्रतांत सत्य आणि अहिंसा यांच्याबरोबर ‘अस्वाद’ हेही एक व्रत आहे. अन्न शरीरासाठी खायचे, जिभेसाठी नाही! आता गंमत पाहा. ज्या गावाने साऱ्या देशाला जिभेवर लगाम घालण्याचा धडा दिला, त्याच गावी गोरस भांडार उभे राहिले आणि त्याच गोरस भांडाराने जिभेचा लगाम सुटावा असा पदार्थ जन्माला घातला. गाईच्या तुपात केलेला, भट्टीत भाजलेला, तोंडात टाकताच विरघळणारा गोरसपाक. त्याला बिस्कीट म्हणावे तर तो अधिक श्रीमंत आहे, मिठाई म्हणावे तर अधिक साधा.

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी आठ दिवस गावच्या बेकरीवर बायकांची झुंबड उडे. मैदा, पिठीसाखर आणि डालडा घरून न्यायचा, नानकटाया पत्र्यावर मांडायच्या आणि आपला पत्रा दुसरीच्या घरी जाऊ नये म्हणून भट्टीपाशी डोळ्यांत तेल घालून बसायचे. आमचे आजोबा खादीधारी. गांधीजींचा वनस्पती तुपाला विरोध होता, म्हणून आजोबा त्या नानकटाईला शिवत नसत. गोरसपाक मात्र चालत असे. “आजोबा, अस्वादाचं काय झालं?” असे आम्ही मुलांनी विचारले, की ते शांतपणे तिसरा उचलीत आणि म्हणत, “हा स्वाद नव्हे रे, ही गोसेवा आहे!”

आम्ही तेव्हा पोट धरून हसत होतो. परंतु आजोबांच्या विनोदात निम्मा हिशेब होता. गाय जगवायची असेल तर तिच्या दुधाला गिऱ्हाईक पाहिजे, हे वर्ध्याच्या मंडळींनी फार आधी ओळखले होते. जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे महिने गोसेवेला वाहिले. ते गोपुरीच्या झोपडीत राहत होते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले आणि गोसेवा संघाची धुरा जानकीदेवींनी उचलली. स्वतः गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडले होते आणि पुढच्या मोठ्या दुखण्यानंतर ते फक्त बकरीचे घेत; तरी गाईच्या अर्थशास्त्राची चिंता त्यांनी कधी सोडली नाही. नुसती पूजा केल्याने गाय जगत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

ते किती खरे आहे, हे माझ्या धाकट्या भावाकडे गेले की कळते. त्याची शेती आर्वीकडे. आमच्या बाजूची जनावरे म्हणजे गवळाऊ. पांढरी, सडपातळ, चालीला चपळ. या जातीचा बैल गाडीला जुंपला की वाऱ्याशी बोलतो, पण गाय दुधाला बेताचीच. ट्रॅक्टर आला, बैलाचे काम गेले आणि बैलाबरोबर त्याच्या आईचीही किंमत गेली. त्यात दुधाचा भाव ठरतो फॅटवर. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश, गाईच्या दुधात जेमतेम चार. मोजण्याच्या यंत्रापुढे गाय उभी राहायच्या आधीच हरलेली असते.

मागल्या दिवाळीला भाऊ ओट्यावर बसून म्हणाला, “ताई, बैल गेले, आता गाईबी इकून टाकतो म्हणतो. कापसाचा भरोसा नाही, अन् ह्या दोघी खातेत दोघीच्या पोटाचं, देतेत अर्ध्या पोटाचं. सांग बरं, मी काय करू?” पुण्यात राहून त्याला उपदेश करणे मला सोपे होते. कडबा त्याला विकत घ्यायचा होता. मी गप्प राहिले. भावजय तेवढी म्हणाली, “पोरायले घरचं दूध कोठून आणसान?” त्यावर तोही गप्प झाला.

त्याने एक गाय विकली, एक ठेवली. तिला यंदा कालवड झाली आहे.

तेव्हापासून मी गोरसपाकाचा पुडा घेते तो निराळ्या मनाने. ज्या ठिकाणी गाईचे दूध गाईचे म्हणून घेतले जाते आणि त्याचे तूप करून गावच्या नावाचा खाऊ केला जातो, तिथे म्हशीशी शर्यत लावण्याची गरज उरत नाही. एका पुड्याने गवळाऊची जात वाचणार नाही, हे मलाही कळते. पण शहरातल्या नामांकित दुकानाची चव ही त्या दुकानाच्या कारागिराची असते. गोरसपाकाच्या चवीत कारागिराच्या मागे एक गोठा आहे, आणि तो गोठा रिकामा झाला तर कारागीर काय करणार?

म्हणून वाचकहो, सेवाग्रामची बापूकुटी पाहायला किंवा पवनारला धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमात जाल, तेव्हा परतताना वर्धा शहरात थोडे थांबा. गोरस भांडारात एक पेला दूध प्या आणि दोन पुडे घ्या. एक पुडा गाडीतच संपेल, हे अनुभवाने सांगते. व्रतभंगाची टोचणी लागलीच, तर आमच्या आजोबांचे उत्तर तुम्हाला वापरायला मोकळे आहे.