पंच्याखालचे हात

आत्या गेली आणि महिन्याभरात तिचं गोदरेजचं मशीन भंगारात गेलं. वाईचं घर आवरताना ते वजनावर दिलं गेलं. त्याच आठवड्यात मी कामासाठी नवा लॅपटॉप घेतला. काळा, बिनचमकीचा, बड्या कंपन्यांच्या ऑफिसात दिसतो तसला थिंकपॅड. झाकण उचललं, बोटं सवयीनं मधल्या ओळीवर टेकली आणि दोन्ही तर्जन्यांना एफ आणि जे या कळांवरचे बारीक उंचवटे लागले. ते बहुतेक सगळ्याच कीबोर्डवर असतात. पण त्या दिवशी बोटं तिथून हलेनात.

आत्याच्या मशीनवर असे उंचवटे नव्हते. तिच्याकडे पंचा होता. दिवसभर ती मामलेदार कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं टाइप करायची आणि संध्याकाळी घरी आम्हा पोरांना टायपिंग शिकवायची. बोटं कळांवर ठेवली की वरून पंचा टाकायची, म्हणजे खाली बघायची सोयच नाही. ‘‘अक्षरं शोधू नकोस गं. ती जागा सोडून कुठं जात नाहीत,’’ म्हणायची. पंच्याखालच्या त्या ऊबदार अंधारात मी एएसडीएफजीएफ, सेमीकोलन एलकेजेएचजे असं घोकत राहायचे.

थिंकपॅड पहिल्यांदा बाजारात आला तो १९९२च्या ऑक्टोबरात. तेव्हा तो आयबीएमचा होता. २००५ साली तो धंदा चीनच्या लेनोवोकडे गेला. जपानमधल्या यामातोच्या प्रयोगशाळेत अरिमासा नाइतो यांच्या चमूनं तो घडवला आणि रूप दिलं जर्मन डिझायनर रिचर्ड सॅपर यांनी. जपानी लोक ज्या काळ्या लाखेच्या डब्यात जेवण नेतात, तो बेंतो डबा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. बाहेरून साधा, उघडल्यावर सगळं जागच्या जागी. जी, एच आणि बी या कळांच्या बेचक्यातला तांबडा ठिपका टेड सेल्कर यांच्या संशोधनातून आला. बाण हलवायला हात कळांवरून उचलावा लागू नये, एवढ्यासाठी. हे वाचलं तेव्हा मला सॅपर आठवले नाहीत, पंचा आठवला. हात जागेवरून हलू द्यायचा नाही, हे आत्याचंच शास्त्र.

कळा मला आवडल्या. मधोमध किंचित खोलगट आहेत, त्यामुळे बोट घसरत नाही. मशीनच्या कळा खोल जायच्या, करंगळीनं ‘ए’ उठवताना मनगटापर्यंत कळ यायची. इथे कळ जेमतेम दीड मिलिमीटर खाली जाते. तरी खाली गेल्याचं बोटाला स्पष्ट कळतं. कोर्टाच्या कागदपत्रांची भाषांतरं करताना दिवसाला कितीतरी पानं हाताखालून जातात, तिथे ही खात्री पडद्याच्या झगमगाटापेक्षा मोलाची आहे.

आणखी एक गोष्ट मला मनापासून भावली. तळाचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरनं सैल होतात आणि सैल झाल्यावरही झाकणातच अडकून राहतात, म्हणजे हरवत नाहीत. कुठला भाग कसा काढायचा याची पुस्तिका कंपनीनं सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. माझ्या आधीच्या चकचकीत, पातळ लॅपटॉपची बॅटरी आत डिंकानं चिकटवलेली होती. ती फुगली तेव्हा दुकानातल्या मुलानं नवीन घ्या म्हणून सांगितलं. मला त्याचा अजून राग आहे. आत्या दर रविवारी मशीन उघडून ब्रशनं शाई काढायची, तेलाचे थेंब सोडायची, रिबन उलटी करून पुन्हा वापरायची. ज्याच्यावर पोट चालतं ती वस्तू उघडता आली पाहिजे, हा तिचा हक्क होता आणि माझाही आहे.

पण एका बाबतीत हा लॅपटॉपही मला परकाच वाटतो. त्याच्या कळांवर एकही मराठी अक्षर नाही. ज्या देशात इतकी माणसं देवनागरीत लिहितात, तिथे विकल्या जाणाऱ्या यंत्रावर एक ‘क’ छापायला काय हरकत होती? आत्याच्या शेजारच्या टेबलावर मराठी मशीन होतं. त्यावर बरीच अक्षरं आधी अर्धी उठवायची आणि मग काना मारून पुरी करायची. पहिली वेलांटी तर अक्षराच्याही आधी. ते कष्टाचं होतं, पण अक्षरं डोळ्यांसमोर होती.

अक्षरं छापलेली नसली, तरी ती आत आहेत. भारतीय लिप्यांसाठीची इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ साली ठरवली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताकडे. ‘क’च्याच कळेवर शिफ्ट धरली की ‘ख’, ‘ग’च्या कळेवर ‘घ’, ‘त’च्या कळेवर ‘थ’. बाराखडी येणाऱ्याला यातलं निम्मं आधीच येत असतं. आणि ते दोन उंचवटे? डाव्याखाली पहिली वेलांटी, उजव्याखाली ‘र’. शिफ्ट धरली की तिथेच ‘ऱ’, ज्याच्यावाचून आपलं ‘सुऱ्या’ आणि ‘दऱ्या’ लिहिता येत नाही.

रोमन अक्षरांत मराठी लिहून यंत्राकडून ती देवनागरी करून घेणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना म्हणूनच विनंती आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडा, इनस्क्रिप्ट निवडा. त्याला पैसे पडत नाहीत. घरात एखादं मूल टाइप करायला शिकत असेल तर त्यालाही पहिल्यापासून हेच शिकवा, आणि हातांवर एक पंचा टाका.