खालच्या फांदीवरची चार मशीन्स

परवा लेकीने विचारलं, "बाबा, एका केव्हीएम स्विचला दुसरा स्विच जोडला तर चालतो का?" म्हटलं, "चालतो की!" आणि मग मी बराच वेळ गप्पच बसलो. का, ते आज लिहूनच टाकतो.

आधी थोडी माहिती (मामा, हे खास तुमच्यासाठी!). केव्हीएम म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस. एकाच कीबोर्ड-मॉनिटरवरून अनेक कॉम्प्युटर चालवायचे असतील तर मध्ये हा डबा लावतात. डब्याची जागा संपली की त्याच्या एका पोर्टात दुसऱ्या डब्याची कन्सोलची वायर खोचायची. चार पोर्टच्या डब्याला असाच चार पोर्टचा डबा लावला तर मशीन्स आठ नाही, सात होतात. एक पोर्ट जोडण्यातच जातो ना!

पण यात माणूस एकच. दोघांना एकाच वेळी वेगवेगळ्या मशीनवर काम करायचं असेल तर दोन कन्सोलचा मॅट्रिक्स स्विच लागतो.

2004 साली मी एका पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम बघत होतो. हाताखाली कोकणातला एक पोरगा होता, मला दादा म्हणायचा. आम्ही दोघं आणि मशीन्स अकरा. आठ पोर्टचा मॅट्रिक्स घेतला आणि त्याच्या आठव्या पोर्टाला जुना चार पोर्टचा डबा लटकवला. सात अधिक चार, अकरा! केवढा खूश झालो होतो मी.

मेख अशी की त्या खालच्या फांदीतून एका वेळी एकाच मशीनचं चित्र वर येतं. दोघंही फांदीवर असले तर दोघांना एकच मशीन दिसणार. एकाने बदललं की दुसऱ्याचंही बदलणार. हे मला माहीत होतं. त्याला सांगायचं मात्र राहून गेलं.

एका संध्याकाळी तो फांदीवरचं टेस्टचं मशीन रीस्टार्ट करणार होता. मी माझ्या जागेवरून स्क्रोल लॉक दोनदा दाबलं आणि फांदी मुख्य सर्व्हरवर नेली. दोन्हीकडे लिनक्सची तीच काळी स्क्रीन, तेच लॉगिन. त्याने कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबलं... आणि दिवसअखेरीचे हिशोब चालू असताना सर्व्हर रीस्टार्ट झाला! बॅकअपवरून सगळं परत उभं करेपर्यंत पहाटेचे तीन वाजले.

साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. तो एवढंच म्हणत होता, "सर, माझ्यासमोर टेस्टचंच मशीन होतं." कोणाला पटणार? मशीनला फक्त कीबोर्ड कळतो, बोटं कोणाची ते कळत नाही. मला कळलं होतं. मी खाली मान घालून वायरी नीट करत राहिलो.

दोन दिवस गप्प होतो. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याला सांगितलं. तो ग्लास खाली ठेवत म्हणाला, "माहीत होतं, दादा. स्क्रीन लुकलुकली तेव्हाच तुमच्याकडून दोनदा टकटक ऐकू आली होती."

मग साहेबांकडे गेलो. ते हसले, "अरे, होतं असं कधी कधी." बस्स! त्याच चुकीसाठी त्याला तेवढी बोलणी आणि मला हे. ते हसणं मला अजून टोचतं. महिनाभरात त्याने नोकरी सोडली. कारण वेगळं सांगितलं, मीही खोदून विचारलं नाही.

असो. लेकीला दुसरा स्विच जोडून दिलाय. प्रत्येक मशीनला वेगळ्या रंगाचा वॉलपेपर लावलाय, प्रत्येक वायरीला चिठ्ठी चिकटवलीय. आणि मायलेकींना एकच नियम घालून दिलाय: फांदी बदलायच्या आधी मोठ्याने सांगायचं, "बदलतेय गं!"

दोघी हसतात मला. हसू देत.