तीस दिवसांचं कलम

नागपूर

प्रिय भाऊ,


तू मोबाइलवर पाठवलेलं कंपनीचं पत्र सावकाश वाचलं. फोनवर तू इतका हादरलेला होतास की काही समजावून सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. आईलाही वाचून दाखव. आपला पेट्रोलपंप जाणार ही कुजबुज आंबागडात तिच्या कानावर गेलीच असणार.

त्या पत्रात दोन गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. वर म्हटलंय, डिझेलचा नमुना नापास झाला. खाली करारातलं ते कलम टाकलंय, ज्यात कारण न देता तीस दिवसांची सूचना देऊन डीलरशिप संपवता येते. कंपनी यातल्या कुठल्या पायावर उभी आहे, यावरच सगळं ठरणार.

तुला तिकडे कुणी भंडाऱ्याच्या कोर्टातून मनाई हुकूम आणायला सांगितलंय. तिथे तुझ्या आडवा येईल तो अमृतसर गॅस सर्व्हिसचा निकाल. इंडियन ऑइलने 1983 मध्ये त्यांची गॅस एजन्सी काढून घेतली. लवादाने ती परत द्यायला सांगितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1990 मध्ये निकाल लागला: एजन्सी काढणं चूक होतं हे मान्य केलं, तरी तीस दिवसांत संपवता येणारा करार 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यानुसार बळजबरीने चालू ठेवता येत नाही. एजन्सीवाल्याच्या हाती आलं तीस दिवसांचं कमिशन. कर्ज काढून टाक्या पुरल्या, छत उभारलं, पोरं कामाला ठेवली, त्या माणसाची किंमत एक महिना? हा निकाल मला आजही पटत नाही. पण कोर्टात तो समोर ठेवला जाणार, म्हणून आपण त्या वाटेने जायचंच नाही.

तुझी कंपनी सरकारी आहे. खासगी कंपनीचा पंप असता तर उच्च न्यायालयाचं दार जवळपास बंदच होतं. सरकारी कंपनीला करारात कितीही मुभा असली तरी मनमानी करता येत नाही. संविधानाचं 14 वं कलम तिलाही लागू आहे. आणि नमुन्याचं कारण तिनेच लिहून दिलंय, तेव्हा ते खरं ठरवण्याची जबाबदारी तिच्यावर. हरबन्सलाल साहनिया यांचा पंपही नमुन्यावरूनच काढला होता. करारात लवादाचं कलम आहे, सबब उच्च न्यायालयात येता येणार नाही, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला आणि ज्यावर कुटुंबाची रोजीरोटी चालते ती डीलरशिप नसलेल्या कारणावरून गेली म्हणून ती परत दिली. 2010 मध्ये सुपर हायवे सर्व्हिसेसच्या खटल्यात हिंदुस्थान पेट्रोलियमलाही बजावलं, की डीलरला प्रयोगशाळेतल्या तपासणीची वेळेवर सूचना न देता पंप काढता येणार नाही.

म्हणून मला आता तुझ्याकडचे कागद हवेत. त्या दिवशी अ‍ॅल्युमिनिअमच्या बाटल्या किती भरल्या, सील कुणी लावलं, सीलचा नंबर चिठ्ठीवर आहे का, चिठ्ठीवर तुझी सही आहे की नोझलवरच्या पोराची? एक बाटली तुझ्यापाशी ठेवली असेल तर ती उघडू नकोस, कुणी मागायला आलं तरी देऊ नकोस. टँकर उतरवून घेताना घनता वहीत लिहितोस ना? त्या तारखेचं पान आणि टँकरमधून काढून ठेवलेला नमुना यांवर बरंच काही अवलंबून आहे. डेपोतून आलेलंच डिझेल तसं असेल तर दोष तुझा कसा? आणि बाटली भरल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत किती दिवस गेले, ते तारखा लावून काढ. साहनियांच्या प्रकरणात हाच उशीर कामी आला होता.

एक गोष्ट कुणी तुला सांगितली नसेल. पंपाखालची जमीन बाबांनी कंपनीला पट्ट्याने दिली आहे. असे पट्टे बहुधा 19 वर्षे 11 महिन्यांचे असतात. डीलरशिप गेली म्हणून पट्टा आपोआप संपत नाही. आपल्याच शेतात कंपनी दुसरा तात्पुरता डीलर बसवू शकते, आणि चिखला-डोंगरीचे मँगनीजचे ट्रक, धानाच्या हंगामातले ट्रॅक्टर त्याच्याकडे तेल भरतील. एकदा तो बसला की उठवणं फार अवघड. अलाइड मोटर्सचा पंप भारत पेट्रोलियमने 2000 मध्ये घाईघाईने काढला. तीस वर्षं चालवलेला पंप, आणि सर्वोच्च न्यायालयातून तो परत मिळाला 2011 च्या डिसेंबरात. निकाल बाजूने लागला, पण मधली वर्षं कोण देणार? म्हणून उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात आपली पहिली मागणी स्थगितीची राहील. नुकसानभरपाईचं नंतर बघू.

कंपनीचा अधिकारी चाव्या, साठ्याचा पंचनामा किंवा ‘हिशेब पूर्ण’ असा कागद घेऊन आला तर भांडू नकोस. साठा मोजू दे, पण सही करताना ‘हरकत राखून’ असं स्वतःच्या हाताने लिही आणि प्रत घे. लवादाकडे जायची वेळ आलीच तर कंपनी स्वतःच्याच साहेबाला लवाद नेमू शकत नाही. 2015 च्या दुरुस्तीनंतर ते चालत नाही.

करार, पट्टा, घनतेची वही, नमुन्याची चिठ्ठी, कारणे दाखवा नोटीस आणि तू दिलेलं उत्तर, सगळं मूळ कागदांसकट घेऊन तुमसरहून सकाळच्या गाडीने ये. उत्तर दिलंच नसेल तर मला आजच फोन कर, कारण मग ते आधी लिहावं लागेल.

तुझी,
ताई