मिटलेले पोवळे

आमच्या धाकट्या बंधुराजांना लहानपणापासून काही ना काही पाळण्याचा नाद. सांगलीला असताना काड्यापेटीत भुंगे झाले, खोक्यात रेशमाचे किडे झाले, एक लंगडे कबूतरही झाले. आता तो अमेरिकेत न्यू जर्सीला असतो आणि दिवाणखान्यात काचेच्या पेटीत चक्क समुद्र पाळतो. गेल्या मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागताच मी त्याच्याकडे गेलो, तो खरे म्हणजे आईला भेटायला. पण विमानतळावरून घरी येताना त्याने आईचे दोन शब्दांत सांगितले आणि बाकीचा वेळ त्या समुद्राचे.

"दादा, कोरल रुसलंय," तो म्हणाला.

घरी जाऊन पाहतो तो पेटी लहानशीच, सुमारे ७५ लिटर पाण्याची. तीत चार खडक, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन केशरी मासे, आणि मधोमध अळंब्याच्या आकाराची एक पिवळसर वस्तू. एका हौशी गृहस्थाच्या पेटीतल्या मोठ्या प्रवाळाचा हा कापलेला तुकडा. गुलाबाचे कलम करावे तसे याचेही करता येते म्हणे. सुखात असले की त्याच्या टोपीवर शेकडो इवलीइवली बोटे उमलतात आणि पाण्याबरोबर डुलतात. त्या दिवशी मात्र एकही बोट बाहेर नव्हते. टोपी जुन्या चपलेच्या चामड्यासारखी गुळगुळीत आणि मलूल दिसत होती.

पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंगठी येते आणि मागोमाग पत्रिकेतला मंगळ येतो. आईच्या बोटातही तसे एक आहे. ते तांबडे पोवळे म्हणजे समुद्रातल्या प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा, हे मला भावाने सांगितले. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते! त्याच्या पेटीतले हे मऊ प्रवाळ त्याच कुळातले. त्याचे प्रत्येक फूल म्हणजे एक तोंड आणि भोवती आठ बोटे. अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि घरभाडे दिल्यासारखे यजमानाला देते. म्हणून दिवा हवा. पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार हवेत आणि उष्मा २५-२६ अंशांच्या आसपास हवा. खऱ्या समुद्रात या गोष्टी सहसा सावकाश बदलतात. पंचाहत्तर लिटरच्या समुद्रात दुपारच्या झोपेतही बदलतात.

भावाने उपाय करायचे बाकी ठेवले नव्हते. आठवड्यात त्याने ते प्रवाळ तीनदा हलवले होते: एकदा उजेड कमी पडतो म्हणून वर, एकदा जास्त होतो म्हणून खाली, आणि एकदा पाण्याचा झोत लागावा म्हणून कडेला. दिवा बदलला, दोन बाटल्यांतली औषधे घातली, दिवसातून चारदा पाणी तपासले.

आणि आई? आई खिडकीशी खुर्चीत बसलेली असे. नाना गेल्याला दीड वर्ष झाले होते. तिच्यासाठीही त्याने काही बाकी ठेवले नव्हते. शनिवारी देऊळ, रविवारी महाराष्ट्र मंडळ, संध्याकाळी बळेबळे फिरणे, मोबाइलवर कीर्तने. ती सगळीकडे जात असे, 'बरं होतं' म्हणत असे आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसत असे.

तिसऱ्या दिवशी भावाने बाही वर करून पेटीत हात घातला, तेव्हा मागून आवाज आला,

"अरे, त्याला जरा राहू द्या की एका जागी!"

आम्ही दोघांनीही वळून पाहिले. इतक्या जोरात ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

त्या रात्री भावाने पुस्तक काढून नीट वाचले. त्यात दोन गोष्टी होत्या. या जातीचे प्रवाळ मधूनमधून आपणहून मिटते, अंगावर मेणचट पापुद्रा धरते आणि काही दिवसांनी तो टाकून पुन्हा उमलते. हा रोगच असतो असे नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, एकदा जागा दिली की उगाच हलवू नये. प्रत्येक हलवण्याने त्याला नव्याने सुरुवात करावी लागते.

दुसरे वाक्य त्याने मोठ्याने वाचले आणि तो गप्प झाला. मीही गप्प झालो. कारण नाना गेल्यावर आम्ही भावंडांनी आईला सांगलीच्या घरातून प्रथम माझ्याकडे पुण्याला आणले. तीन महिन्यांनी 'तुला बदल हवा' म्हणून नाशिकला ताईकडे पाठवले. तिथून परत माझ्याकडे, आणि मग इकडे. प्रत्येक वेळी कारण प्रेमाचेच होते. पण विमानात तिला बसवून घरी परतताना मला सुटल्यासारखे वाटले होते, हेही इथे लिहून टाकतो. तिला कुठे राहायचे आहे, हे मात्र एकानेही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून औषधे बंद झाली. एकच काम उरले. पेटीतले पाणी उडून जाते पण मीठ मागे राहते. तेव्हा रोज जेवढे उडाले तेवढे शुद्ध, बिनमिठाचे पाणी घालायचे. ते काम आईने मागून घेतले. भावाने काचेवर शाईची रेघ मारून दिली. सकाळी आंघोळ झाली की ती तांब्या घेऊन येई आणि रेघेपर्यंत बारीक धार धरी. तुळशीला पाणी घालतानाचा तो हात मी ओळखला.

दहाव्या दिवशी टोपीवरून कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा सुटून तरंगू लागला. बाराव्या दिवशी सकाळी बोटे बाहेर आली. भावाने सगळ्या घराला उठवले. आईने शांतपणे पाहिले आणि म्हणाली, "छान झालं. आता मला सांगलीला पोचवा."

भावाचा चेहरा उतरला. "इथं काय कमी आहे, आई?"

"कमी काहीच नाही रे. तू खूप केलंस. पण मी काही तुमचं कोरल नव्हे, तुम्ही ठेवाल तिथं उमलायला. मला माझी जागा ठाऊक आहे."

मी तिला घेऊन आलो. जूनपासून ती सांगलीच्या घरात आहे, एकटी. शेजारच्या वहिनी येऊन-जाऊन असतात. गुडघे दुखतात, रात्री दिवा गेला की मला पुण्यात झोप लागत नाही. ती आनंदात आहे असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दिवसातून चारदा फोन करून 'कशी आहेस' म्हणण्याची मला सवय लागली होती. ती आता एकदाच्या फोनवर आणली आहे. तोही पुष्कळदा तीच करते.

रविवारी भाऊ तिला फोन करतो. इकडची विचारपूस सुरू व्हायच्या आधी तीच विचारते,

"पाणी रेघेपर्यंत आहे ना रे?"